दोन टक्के जास्तीची मूठ

मोशी,
२४ ऑगस्ट २०२५

मामा, तुम्हाला आणि मामींना नमस्कार.

फोनच करणार होते. पण तुम्ही फोनवर "हॅलो, जोरात बोल" एवढंच म्हणता आणि मग मामी फोन ओढून घेऊन केजच्या पावसाचं सांगत बसतात. त्यापेक्षा पत्र बरं. भोसरीच्या फाउंड्रीनं तुमचे कान घेतले पण हात ठेवले, असं आई म्हणायची. काम हातांचंच आहे.

यांचं रिव्हॉल्व्हर तुम्ही पाहिलेलं आहे. जमिनीचे व्यवहार चालू होते तेव्हा परवाना काढला होता. त्याच्या मुठीची एक बाजू तडकली. मूठ म्हणजे दोन बाजूंना दोन पट्ट्या असतात, मधून एक स्क्रू. पुण्यातल्या दुकानात विचारलं तर या जुन्या मॉडेलच्या आता येत नाहीत म्हणाले. ऑनलाइन दोनदा मागवल्या, दोन्ही वेळा परदेशी मापाच्या आल्या. आता यांना शिसवीच्याच हव्यात, नक्षीच्या. एका बाजूला घोड्यावरचा खंडोबा आणि दुसऱ्या बाजूला आमच्या वजीरचं तोंड. वजीर म्हणजे यांचा शर्यतीचा बैल, गेल्या वर्षी गेला तो. त्याचा फोटो सोबत आहे. खंडेनवमीला शस्त्रपूजेत ठेवायचं म्हणतात. तुमच्या जावईबापूंना, रणजीतरावांना, तुमच्याशिवाय कुणाचं काम पटायचं नाही.

जुन्या पट्ट्या मापासाठी पाठवल्या आहेत. रिव्हॉल्व्हर कपाटात नुसता सांगाडा होऊन पडलंय. असं बिनमुठीचं कमरेला लावता येत नाही म्हणून हे रोज कुरकुर करतात.

तुम्ही सावकाश करा मामा. खरंच सावकाश. या दसऱ्याला नाही झालं तर पुढच्या दसऱ्याला होईल. हे शेजारीच बसलेत, नमस्कार सांगतात.

तुमची प्राजक्ता

•

केज,
३ सप्टेंबर २०२५

प्राजक्ता बाळा,

पुढच्या दसऱ्याला? अगं, मामा म्हातारा झालाय, मेलेला नाही. अडतीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले, त्यावरून पोलादाचे नग ओतले गेले, आणि एक पॅटर्न माघारी आला नाही. तू मला दोन बोटभर पट्ट्यांसाठी वर्षाची मुदत देतेस!

काळजीपोटी लिहिलंस हे कळतं. तुझी मामी तर पत्र वाचून म्हणाली, पोरीला तुमच्या डोळ्यांची काळजी आहे, तुम्हाला आहे का? मोतीबिंदू काढल्यापासून मला मुंगीचे पाय दिसतात, असं तिला सांगितलं.

शिसव मिळाली. आमच्या जुन्या पलंगाचा एक खूर किडला म्हणून पलंग माळ्यावर होता, त्याचा धड असलेला खूर कापला. मामी दोन दिवस बोलत नाही. वजीरचा फोटो भिंतीला लावलाय. बैल मोठा देखणा होता गं.

जावईबापूंना सांग, खंडेनवमीच्या आधी आठ दिवस पार्सल घरात असेल. हत्यार मात्र मला पाठवू नका आणि पाठवायचं मनातही आणू नका, ते कायद्यात बसत नाही. पट्ट्यांवरून माप काढतो.

साहेबरावमामा

•

मोशी,
९ सप्टेंबर २०२५

मामा,

पत्र मिळालं. यांनीच फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. फार खूश आहेत. तुमचं पत्र आल्यापासून रोज कपाट उघडून बघतात.

मामा, नक्षीचं काम आहे, घाईनं बिघडेल. खंडोबाच्या हातातली तलवार बारीक असते. घोड्याचे पाय असतात. डोळ्याला ताण देऊ नका. मामींचा पलंग मोडला तर मोडला, पण आता तुम्ही तरी विश्रांती घ्या. शिसव नीट वाळलेली आहे ना? ओली असली तर सहा महिने तशीच ठेवतात असं तुम्हीच सांगायचा.

इकडे सगळं ठीक. चाकणकडे जाणारा रस्ता दिवसभर तुंबलेला असतो, यांच्या कामगारांच्या बस दीड-दीड तास अडकतात, म्हणून यांची चिडचिड होते. सासूबाई बऱ्या आहेत. निशिगंधा तिसरीत गेली.

सावकाश करा.

प्राजक्ता

•

केज,
२२ सप्टेंबर २०२५

बाळा,

ओली शिसव! चाळीस वर्षं ज्या पलंगावर आम्ही झोपलो त्याचा खूर अजून ओला आहे असं तुला वाटतं? मामीला वाचून दाखवलं, ती अखेर हसली. तेवढं तुझ्या पत्रानं झालं.

जोड पाठवतोय. माझ्या हातून याहून चांगलं काम आजवर झालेलं नाही, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण दुसरं कोण सांगणार? वजीरच्या नाकातली वेसणसुद्धा मोकळी कोरली आहे. जुन्या पट्ट्या सध्या माझ्याकडेच ठेवतो, पुन्हा कधी लागलं तर माप असावं. खंडेनवमीचा फोटो पाठव.

साहेबरावमामा

•

सांगवी,
४ ऑक्टोबर २०२५

मामा,

हे पत्र मी वर्षालीच्या घरी बसून लिहिते आहे. बहिणीकडे दसऱ्याचं सोनं द्यायला आले म्हणून सांगितलं. मोशीत लिहिलेलं प्रत्येक पत्र आधी हे वाचतात, म्हणून तिथून काही लिहिता येत नव्हतं. तरी तुम्ही ओळखलंत. मामा, तुमचे पाय धरावेसे वाटतात.

मुठी बसल्या नाहीत! खंडेनवमीला पाट मांडला होता, सासूबाई हळदकुंकू घेऊन बसल्या होत्या. हे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन अर्धा तास झटत होते. एक खिट्टी भोकात गेली की दुसरी सरकायची. कड सगळीकडून नखभर बाहेर. शेवटी सांगाडा वेगळा, मुठी वेगळ्या ठेवून झेंडू वाहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले आणि मग रडले.

आता सगळं सांगते. सिद्धेश म्हणजे यांचा चुलतभाऊ. दोघांनी मिळून बसचा धंदा उभा केला, चाकणच्या कंपनीत कामगार ने-आण करायचा. जूनमध्ये नवीन काँट्रॅक्ट आलं ते सिद्धेशनं गुपचूप एकट्याच्या नावावर करून घेतलं. तेव्हापासून हे एका जागी बसत नाहीत. जेवताना उठतात, गच्चीवर जातात, त्याच्या बस मोजतात, खाली येतात, परत जातात. जुलैमध्ये एक दिवस रिव्हॉल्व्हर कमरेला लावून चाकणला त्याच्या ऑफिसात गेले. तो नेमका हिंजवडीला गेला होता म्हणून परत आले. मला स्वतःच सांगितलं, "आज वाचला तो." तो भेटला असता तर काय झालं असतं, ते मी रोज बघते मामा. भाजी चिरताना बघते, निशिगंधाची वेणी घालताना बघते.

आणि तडा आपोआप गेलेला नाही. हे अंघोळीला गेले असताना किल्ली खुंटीवर राहिली होती. गोळ्या वेगळ्या डब्यात असतात. मी वरवंट्यानं मुठीवर एक घाव घातला. मला एवढंच सुचलं. आता रोज उठले की आधी किल्ली कुठे आहे ते बघते.

तुम्ही न सांगता समजलात आणि काम मुद्दाम चुकवलंत. हा उपकार मी विसरणार नाही.

प्राजक्ता

•

केज,
११ ऑक्टोबर २०२५
(वर्षालीच्या पत्त्यावर)

प्राजक्ता,

तुझं पत्र चारदा वाचलं. तुला खरं सांगायलाच पाहिजे. मी काहीही ओळखलं नव्हतं. तू ओळीओळीतून हात जोडत होतीस आणि हा बहिरा मामा डोळ्यांनीही बहिरा निघाला. मला वाटलं, भाचीला माझ्या मोतीबिंदूची काळजी!

चूक कशी झाली तेही सांगतो, नाहीतर मलाच चैन पडणार नाही. ओतलेलं पोलाद थंड होताना आक्रसतं, शंभराला दोन. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते. तिच्यावर शंभर मिलिमीटर लिहिलेलं असतं तिथं खरे एकशेदोन असतात. तीच पट्टी मी निवृत्त होताना सोबत आणली, देवासारखी. जुन्या पट्ट्यांचं माप बरोबर घेतलं आणि लाकडावर उतरवताना सवयीनं ती पट्टी हातात घेतली. लाकडाला मी पोलादासारखं आक्रसायची जागा ठेवली. अडतीस वर्षांत माघारी आलेला हा पहिला नग, आणि तू त्याबद्दल माझे पाय धरतेस.

मला आता बसवत नाही. अंगणात जातो, घरात येतो. मामी म्हणते, तुमच्या अंगात जावई शिरला का?

आता ऐक. रणजीतरावांना सांग की मामांनी माफी मागितली आहे आणि दुसरा जोड करायला घेतलाय. तोही त्याच पट्टीनं करीन. या वेळी मुद्दाम. पण बाळा, दोन मिलिमीटरनं माणूस किती दिवस अडणार? तू पोलिसांत अर्ज दे. ते जमत नसेल तर निशिगंधाला घेऊन वर्षालीकडे राहा. नाहीतर इकडे ये. पलंग तीन खुरांवर आहे, पण आपण खाली झोपू.

मामा

•

मोशी,
२ नोव्हेंबर २०२५

मामा, रणजीतचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय न्हाई, चुकलं तर सांभाळून घ्या. दुसरा जोड दिवाळीत मिळाला. काम बघून डोळं निवलं. वजीरचं डावं शिंग टोकाला जरा आत वळायचं, फोटोत ते धड दिसत पण न्हाई, तुमी ते धरलं. आई बघून रडली.

पण बसत न्हाई. परत तेच, नखभर मोठं. घासून बसवायला गेलो तर वजीरचं नाक जातं, ते माझ्यानं व्हत न्हाई. तुमचं वय झालं, तुमाला दोष न्हाई. लोक हसतात, म्हणतात मामांचा हात गेला, मी त्यांना गप करतो.

आता नवीन राहू द्या. माझ्या जुन्या पट्ट्या पाठवा. तडा चिकटवून घेतो. आठ दिवसांत पाठवा, लागणार हाय.

रणजीत

•

केज,
८ नोव्हेंबर २०२५

रणजीतराव,

कोणत्या तोंडानं लिहू? जुन्या पट्ट्या बंबात जळाल्या. लाकडाचे कपटे आणि त्या एकाच टोपलीत होत्या. माझाच हलगर्जीपणा, घरात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. लोक म्हणतात ते खरं आहे, मामांचा हात गेला. मी तिसरा जोड करून देईन, थोडा वेळ द्या.

साहेबराव

•

केज,
८ नोव्हेंबर २०२५
(वर्षालीच्या पत्त्यावर)

प्राजक्ता,

पट्ट्या बंबात जळाल्या असं रणजीतरावांना लिहिलं, ते खोटं नाही. फक्त टोपलीतून त्या मी उचलल्या आणि हातानं बंबात घातल्या. पाणी तापलं, त्याच पाण्यानं अंघोळ केली.

त्यांनी लिहिलंय, आठ दिवसांत पाहिजे, लागणार आहे. कशाला लागणार आहे? ताबडतोब कळव. अर्ज दिलास का?

मामा

•

सांगवी,
३ डिसेंबर २०२५

मामा,

इतके दिवस पत्र नाही म्हणून तुम्ही घाबरला असाल. तुमचं ऑक्टोबरचं पत्र दिवाळीतच वाचलं होतं, नोव्हेंबरचं वर्षालीनं ठेवलं होतं, ते आज वाचलं.

अर्ज दिला नाही. तीनदा लिहिला आणि फाडला. ठाण्यातला अर्ध्याहून अधिक स्टाफ आमच्या गावजेवणाला येतो, अर्ज पोचायच्या आधी बातमी घरी पोचली असती. तुम्ही म्हणाल हा बहाणा आहे. असेलही. मला भीती वाटत होती.

शनिवारी, २९ तारखेला, सिद्धेशनं घरासमोरच्या, बस लावायच्या सामाईक जागेच्या फाटकाला साखळी घातली. हे गेले. मी गच्चीवरून बघत होते, ऐकू येत होतं. हे म्हणाले, "साखळी काढ." तो म्हणाला, "न्हाई काढत. बैल गेला तवाच तुझा जोर गेला, रणजीत. आता बस धूत बस."

हे तिथून वळले आणि घरात आले. मी जिन्यावरून धावत खाली आले तोवर खोलीचं दार आतून लागलेलं. कपाटाच्या दाराचा आवाज आला. मग डब्याचा. मामा, मी दारावर हातही मारला नाही. सासूबाई देवघरात होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं, त्या मोठ्यानं आरती म्हणत होत्या. आरती संपली. दुसरी सुरू झाली.

मग दार उघडलं. हात रिकामे होते. उजव्या तळव्यातून रक्त येत होतं. म्हणाले, "दाराला लागलं." मी हळद दाबली. मग हे वजीरच्या रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले ते दुपारपर्यंत. त्या दिवसापासून सिद्धेशचं नाव घेत नाहीत. गच्चीवर जात नाहीत. मला अजून कळत नाही की आत काय झालं, आणि विचारायची हिंमत नाही. शांत झालेत म्हणून जास्तच धास्ती वाटते.

तिसरा जोड सुरू केला असेल तर थांबवा.

प्राजक्ता

•

मोशी,
२२ डिसेंबर २०२५

मामा,

हे पत्र मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून लिहितोय. घरात कुणाला म्हाईत न्हाई.

वडिलांनी जमीन असून मला आयटीआय करायला लावलं होतं. फिटर. बारीक मापाचं व्हर्नियर अजून घरात हाय. गेल्या आठवड्यात बसून तुमचे दोन्ही जोड मोजले. पयला जोड शंभराला दोन मोठा. म्हटलं, फाउंड्रीची पट्टी, सवय हाय मामांची. मग दुसरा मोजला. तो पण सगळीकडनं बरोबर शंभराला दोन. मामा, सवयीची चूक एकदा व्हते. म्हाताऱ्या हाताची चूक वेडीवाकडी येते, अशी सरळ येत न्हाई. ज्याला वजीरच्या शिंगाचं टोक सापडलं त्याला दोन मिलिमीटर सापडत न्हाई व्हय?

मग जुन्या पट्ट्या बंबात कशा गेल्या ते पण समजलं. आणि तडा कसा गेला ते पण. वरवंट्याच्या दगडाची भुकटी तड्यात व्हती, मला तवा वाटलं कपाटातली धूळ.

चिडलो. खोटं कशाला बोलू, दोन दिवस लय चिडलो. घरातली बाई आणि तिचा मामा मिळून मला खेळवतात.

पण २९ तारखेचं तुमाला सांगतो. मी आत गेलो ते सहाच्या सहा गोळ्या भरल्या. सांगाडा तसाच धरला. जोरात आवळला तसं पोलादाची धार तळव्यात घुसली आणि आतल्या स्प्रिंगनं कातडं धरलं. कळ मस्तकात गेली. सोडवायला दुसरा हात लागला. कातडं सोडवताना मी माझ्याच हाताकडं बघत व्हतो, आणि बाहेर आई आरती म्हणत व्हती, ते ऐकू आलं. त्याच्या आधी मला काहीच ऐकू येत नव्हतं. एवढंच झालं. गोळ्या काढल्या, डब्यात ठेवल्या.

मूठ असती तर मी थांबलो नसतो मामा. मला स्वतःचं म्हाईत हाय. फाटकापर्यंत चाळीस पावलं.

आता महापालिकेची निवडणूक लागलीय. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करायची असतात, तसं काल जमा केलं. हवालदार म्हणाला, "मूठ कुठाय याची?" म्हटलं, मामाकडं हाय.

प्राजक्ताला मी काय बोलू ते सुचत न्हाई. तिच्याकडं बघितलं की तिची नजर किल्लीवर असते, हे मला आता दिसायला लागलंय. तुमी तिला काही लिहू नका.

तिसरा जोड करू नका.

रणजीत

•

केज,
२९ डिसेंबर २०२५

रणजीतराव,

तुमचं पत्र मी परत पाठवतोय, या पाकिटात सोबत आहे. तुम्ही ते माझ्या नावावर लिहिलंत, पण ते माझं नाही. जिचं आहे तिच्या हातात द्या. बोलायला सुचत नसेल तर बोलू नका, नुसतं द्या. ती दीड महिना मला लिहीत होती आणि मला एक अक्षर कळलं नाही. तुमचं पत्र वाचायला तिला मामासारखी चार वाचनं लागणार नाहीत.

तुम्हाला फसवलं त्याची माफी मागत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. आणि तुम्ही एकदा मुठी घासून बसवायला नकार दिलात, वजीरचं नाक जाईल म्हणून. तेव्हाच मी मामीला म्हटलं होतं की या माणसाचं काही बिघडलेलं नाही.

साहेबराव

•

मोशी,
१९ जानेवारी २०२६

मामा,

हे पत्र मी घरीच बसून लिहिते आहे. हे समोर आहेत, पण वाचायला मागितलं नाही.

संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ द्यायच्या वेळी यांनी एक पाकीट हातात दिलं आणि गोठ्यात जाऊन उभे राहिले. मी देवघराच्या उंबऱ्यावर बसून वाचलं. चाळीस पावलं हे वाचल्यावर पुढचं काही दिसेना. मग उठून गोठ्यात गेले. काय बोललो ते सांगत नाही. मी त्यांचा तळवा उलटा करून बघितला. आडवी खूण राहिली आहे. मी खूप चिडले होते मामा, जूनपासूनचं सगळं एकदम वर आलं. त्यांच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारलं. त्यांनी मारू दिलं.

निवडणूक झाली. काल ठाण्यातून फोन आला, शस्त्र घेऊन जा. यांनी विचारलं, परवाना रद्द करायचा अर्ज कुणाकडे द्यायचा? मी शेजारी उभी होते. अर्ज मी लिहिला, सही यांनी केली. सिद्धेशशी बोलणं नाहीच. जागेचं कोर्टात बघू म्हणतात, आणि वकिलावर चिडतात. तेवढं चिडणं मला चालतं.

तुमच्या मुठी यांनी गोठ्याच्या दाराला बसवल्या, आत दोन, बाहेर दोन. तिथं नखभर मोठं असल्यानं कुणाचं अडत नाही. येणारा प्रत्येक जण वजीरच्या नाकाला हात लावतो. "मामांचा हात गेला म्हणणाऱ्यांना आधी इथं आणून उभं करतो," असं म्हणतात.

मामींच्या पलंगाचा चौथा खूर करून घ्या, आणि साधी पट्टी वापरा.

एक सांगायचं राहिलं. आज सकाळी उठले, चहा केला, निशिगंधाचा डबा भरला, तिला बसमध्ये बसवून आले. मग दुपारी कपडे ठेवायला खोलीत गेले तर कपाट सताड उघडं, किल्ली दारालाच. रात्रीपासून तसंच असणार. मी बघितलंच नव्हतं.

प्राजक्ता